रेंज फुल, नेट गुल: वायफायच्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांची, दवाखान्यांची आणि दोन-तीन सोसायट्यांच्या ऑफिसांची वायफायची कामं मी करतो. तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "वायफाय चालत नाहीये." त्या वाक्याच्या पोटात निदान सहा निरनिराळे बिघाड असू शकतात. नेमका शब्द वापरला तर त्यातले निम्मे फोनवरच सुटतात, म्हणून लोक जे विचारतात ते इथे लिहून ठेवलंय. क्रम मुद्दाम लावलेला नाही.

वायफाय म्हणजेच इंटरनेट ना?

नाही, आणि घोळाची सुरुवात इथूनच होते. वायफाय म्हणजे तुमचा फोन आणि भिंतीवरची डबी यांच्यामधला रेडिओचा दुवा. त्या डबीतून बाहेर जाऊन खांबावरून पुढे जाणारी फायबर, तिच्यावरून येतं ते इंटरनेट. झाडं छाटताना कुणी फायबर तोडली तरी घरातलं वायफाय ठणठणीत असतं. फोनवरून प्रिंटर चालतो, फक्त बाहेरचं काही उघडत नाही. रेंज पूर्ण पण शेजारी उद्गारचिन्ह दिसतं त्याचा अर्थ बहुधा हाच: दुवा जोडलेला आहे, पुढची वाट बंद आहे. डबीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. मग डबी दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही, केबलवाल्याला फोन लावा.

राउटर, मोडेम, ओएनटी, अ‍ॅक्सेस पॉइंट ही एकाच डबीची नावं आहेत का?

कामं वेगळी आहेत, पण हल्ली ती एकाच डबीत कोंबलेली असतात. फायबरमधल्या प्रकाशाचे विजेचे संकेत करते ती ओएनटी. टेलिफोनच्या तारेवर असंच संकेत बदलून देण्याचं काम मोडेम करायचा, आणि केबलवाले सवयीने अजून ओएनटीलाच मोडेम म्हणतात. बाहेरून आलेली एकच जोडणी घरातल्या वीस उपकरणांत वाटणारा तो राउटर. आणि हवेत बोलणारा, म्हणजे ज्याच्यामुळे 'वायरलेस' हा शब्द येतो तो भाग म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट. मोठ्या ऑफिसात छताला चिकटलेल्या पांढऱ्या थाळ्या दिसतात ते निव्वळ अ‍ॅक्सेस पॉइंट असतात. राउटर आत कुठेतरी कपाटात असतो.

वायफाय कशाचं संक्षिप्त रूप आहे?

कशाचंच नाही. 'वायरलेस फिडेलिटी' हा फुल फॉर्म परीक्षेच्या गाइडांत सर्रास छापलेला असतो, पण नाव आधी आलं आणि अर्थ नंतर चिकटवला गेला. १९९९ मध्ये उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांनी एक संघटना काढली, तीच आजची वायफाय अलायन्स. त्यांना खपेल असं नाव हवं होतं, ते एका ब्रँडिंग कंपनीने सुचवलं. खरं तांत्रिक नाव 'आयईईई ८०२.११'. ते घेऊन दुकानात कोण गेलं असतं?

खोक्यावर एन, एसी, एएक्स लिहिलेलं असतं. कुठे वायफाय ५, कुठे ६. काय बघायचं?

८०२.११चं पहिलं मानक १९९७चं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. पुढच्या प्रत्येक सुधारणेला एक-दोन अक्षरं जोडत गेले: बी, ए, जी, एन, एसी, एएक्स. गिऱ्हाईक पार गोंधळलं, तेव्हा २०१८ मध्ये साधे आकडे आले. एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६, आणि सध्याचं ७ म्हणजे बीई.

एक बारकावा दुकानदार सांगत नाही. घरातलं वायफाय मुख्यतः फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ (त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नात). वायफाय ५ फक्त ५च्या पट्ट्यात चालतं. 'वायफाय ५' लिहिलेला राउटर घेतला तरी त्याची २.४ची बाजू जुन्या एनवरच चालते. ६मध्ये दोन्ही बाजू सुधारल्या. आज नवीन घेणाऱ्याला मी ६ सांगतो. ७ कशासाठी हवं हे तुम्हाला आधीच माहीत असेल तरच ते घ्या.

घरात एकाच नावाची दोन वायफाय दिसतात, एकापुढे '५जी' लिहिलंय. हे मोबाइलचं ५जी आहे का?

अजिबात नाही. मोबाइलच्या ५जीत 'जी' म्हणजे पिढी. राउटरच्या नावापुढचा 'जी' गिगाहर्ट्झचा, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. पट्टा म्हणजे फ्रिक्वेन्सीचा नेमून दिलेला पल्ला, इंग्रजी शब्द बँड. घरगुती वायफायचे मुख्य पट्टे दोन: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ.

२.४च्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, ५ची साडेपाच-सहा. भिंतीतून पार होताना ५ची लहर जास्त मार खाते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरात हे लगेच कळतं: ओटीवर ठेवलेल्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झ माजघरात लंगडतं आणि स्वयंपाकघरात संपतं, २.४ मात्र परसदारीसुद्धा थोडंफार मिळतं. मग सगळीकडे २.४च का नको? कारण तो पट्टा अरुंद आहे, आणि डोंबिवलीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये फोन काढलात तर त्यात तीस-तीस नावं दिसतात. ५मध्ये जागा मोठी, गर्दी कमी, वेग जास्त. राउटर असलेल्या खोलीत आणि पलीकडच्या खोलीत ५ वापरा, त्यापुढे २.४.

दोन्ही पट्टे भारतात विनापरवाना वापरता येतात, फक्त ठरलेल्या ताकदीच्या आत. २.४ची मोकळीक जानेवारी २००५ मध्ये मिळाली, ५च्या मोठ्या भागाची ऑक्टोबर २०१८ मध्ये.

चॅनेल म्हणजे काय? मी ३ नंबर ठेवलाय, कारण तिथे कुणीच नव्हतं.

तिथे कुणी नसण्याला कारण आहे.

चॅनेल म्हणजे पट्ट्यातली बोलण्यासाठी आखून दिलेली, नंबर लावलेली जागा. २.४च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत. दोन चॅनेलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ, पण वायफायला बोलायला लागते २० मेगाहर्ट्झची रुंदी. म्हणजे चार हात रुंद गाडी आणि रस्त्यावर एकेक हातावर आखलेल्या रेघा. एकमेकांना न घासता तीनच गाड्या नीट मावतात: १, ६ आणि ११. तुम्ही ३ वर उभे राहिलात की १ वाल्यालाही घासता आणि ६ वाल्यालाही.

आता जे बहुतेकांना उलटं वाटतं ते सांगतो. शेजाऱ्याच्याच चॅनेलवर असणं हे अर्धवट घासण्यापेक्षा बरं. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि थांबून थांबून बोलतात. अर्धवट घासणाऱ्याचं बोलणं उलगडत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. त्यामुळे पाच शेजारी ६ वर असतील तर सहावे व्हा किंवा १, ११ बघा, पण ३, ४, ८, ९ नको. आणि २.४वर चॅनेलची रुंदी ४० करू नका. तो उद्योग इमारतीतल्या सगळ्यांना भोवतो, तुम्हालाही.

५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल पुष्कळ आहेत, ८० मेगाहर्ट्झ रुंदी खुशाल ठेवा. तिथल्या काही चॅनेलवर रडारचा पहिला हक्क आहे. राउटरला ते वापरण्याआधी निदान एक मिनिट कान देऊन बसावं लागतं आणि रडार ऐकू आलं तर उठावं लागतं. याला डीएफएस म्हणतात. सुरू केल्यावर ५चं नाव दिसायला वेळ लागतो तो बऱ्याचदा यामुळे.

मायक्रोवेव्ह लावला की व्हिडिओ अडकतो. भास आहे का?

भास नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे भर वायफायच्या मध्यात. दारातून निसटणारा अंश माणसाला नगण्य, पण फोनच्या कानाला मोठा. फोन ५वर न्या, प्रश्न मिटला.

ब्लूटूथही याच पट्ट्यात राहतं, पण ते सेकंदाला १,६०० वेळा चॅनेल बदलत उड्या मारतं, म्हणून निभावून नेतं. जाता जाता: अभिनेत्री हेडी लामारने वायफाय शोधलं अशी पोस्ट दरवर्षी फिरते. १९४२ मध्ये तिला आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलला अशा उड्या मारण्याच्या युक्तीचं पेटंट मिळालं होतं, पाणतीरांसाठी. नातं ब्लूटूथशी जवळचं. आजचं वायफाय उड्या मारत नाही.

'उणे ६७ डीबीएम' हे काय प्रकरण आहे?

रेंज मोजायचं खरं माप. फोनवरच्या रेषा प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने काढते, डीबीएम मात्र सगळीकडे सारखं. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. त्याखाली दर १० ने ताकद दहा पट कमी होते, दर ३ ने जवळजवळ निम्मी. म्हणजे उणे ४० आणि उणे ७० यांत हजार पटींचा फरक आहे, तरी रेषा एखाददुसरीच कमी दिसते.

माझे आकडे असे: उणे ६०च्या वर असेल तर बोलायलाच नको, ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त करा, ७५च्या खाली कुरकुर सुरू, ८५ला संपलं. वायफाय तपासायचं कुठलंही मोफत अ‍ॅप हा आकडा दाखवतं. एका घरी बेडरूममध्ये उणे ६४ मिळत होते, पण आजी "रात्रीच जातं" म्हणत होत्या. रात्री दाराला लागून असलेल्या लोखंडी कपाटाचं दार उघडं राहायचं, आणि ते नेमकं राउटरच्या आणि पलंगाच्या मध्ये यायचं. दार उघडून पाहिलं, उणे ८१. "म्हणजे माझ्या साड्यांचा दोष?" आजींनी विचारलं. साड्या निर्दोष, पत्रा दोषी. धातू, आरसा आणि पाण्याची टाकी हे तीन शत्रू लक्षात ठेवा.

नुसती ताकदही पुरत नाही. आजूबाजूचा गोंगाट समजा उणे ९५ असेल आणि तुमचा सिग्नल उणे ६५, तर मधला ३० डीबीचा फरक म्हणजे एसएनआर. तो जितका मोठा तितका वेग जास्त.

रेंज पूर्ण आहे, प्लॅन मोठा आहे, तरी संध्याकाळी सगळं रखडतं. का?

कारण हवा एकच आहे आणि ती वाटून घ्यावी लागते.

सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा, माइक एकच. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि बोलणाऱ्याला त्याच वेळी ऐकता येत नाही. याला हाफ डुप्लेक्स म्हणतात. बोलण्याआधी प्रत्येक उपकरण कान देतं, कुणी बोलत असेल तर थांबतं, शांतता झाली की आणखी थोडा, प्रत्येकाने आपापला नशिबावर ठरवलेला वेळ थांबून मग तोंड उघडतं. ऐकणाऱ्याने लगेच पोच द्यायची. पोच आली नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. या शिस्तीचं नाव सीएसएमए-सीए.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, शेजारचा राउटर तुमच्याच चॅनेलवर असेल तर तोही याच सभेत बसलाय, त्याचं नाव आणि पासवर्ड वेगळा असला तरी. दुसरी, हळू बोलणारा सगळ्यांचा वेळ खातो. माहितीचं दीड हजार बाइटचं एक पाकीट सेकंदाला ३०० मेगाबिटने पाठवायला ०.०४ मिलिसेकंद लागतात. तेच लांबच्या गॅलरीतल्या जुन्या फोनने १ मेगाबिटने पाठवलं तर १२ मिलिसेकंद, म्हणजे तीनशे पट. या वाटपाला एअरटाइम म्हणतात, आणि माझ्या मते साऱ्या वायफायमधला सर्वांत कामाचा शब्द हाच. तिसरी गोष्ट म्हणजे हिडन नोड: राउटर मध्ये, दोन टोकांना दोन लॅपटॉप. दोघांनाही राउटर ऐकू येतो, एकमेकांचं काही येत नाही. दोघांना वाटतं शांतता आहे, दोघं एकदम बोलतात आणि राउटरच्या कानात दोन्हींचा चुथडा.

म्हणून टीव्ही, डेस्कटॉप अशी एकाच जागी बसलेली उपकरणं केबलने जोडा. ती सभेतून उठतात आणि माइक बाकीच्यांना मिळतो.

शंभरचा प्लॅन घेतलाय, डाउनलोड बाराच दाखवतंय. फसवलं का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये, डाउनलोड मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, शंभर भागिले आठ साडेबारा. पण खोक्यावर छापलेला '१२००' हा आकडा वेगळाच. तो दोन्ही पट्ट्यांचे आदर्श वेग मिळवून काढलेला असतो, आणि बहुतेक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतात. फोनमध्ये दिसणाऱ्या 'लिंक स्पीड'च्या निम्म्याच्या आसपास प्रत्यक्षात मिळाला तर राउटर ठीक आहे असं समजा. बाकीचा वेळ कान देण्यात, थांबण्यात आणि पोच देण्यात जातो.

एसएसआयडी म्हणजे फक्त नाव ना? मराठीत ठेवता येईल?

हो, फोनच्या यादीत दिसणारं तुमच्या वायफायचं नावच. अ‍ॅक्सेस पॉइंट ते सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारत असतो, त्या पुकाऱ्याला बीकन म्हणतात.

मराठीत ठेवता येतं, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा वेगळं मोजायचं. 'साने वाडा' २५ बाइटमध्ये बसतो. 'गणपती बाप्पा मोरया'ला ५० लागतात, तो बसत नाही. काही जुने प्रिंटर मराठी नाव दिसताच चौकोन दाखवतात, तेवढी तयारी ठेवा. पासवर्ड मात्र इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खुणांतच ठेवा.

नाव लपवण्याने सुरक्षितता येत नाही. उलट तुमचा फोन जाईल तिथे "अमुक आहेस का?" असं त्या नावाने विचारत फिरतो.

मॅक अ‍ॅड्रेस आणि आयपी अ‍ॅड्रेस यांत फरक काय?

मॅक म्हणजे रेडिओच्या चिपला कारखान्यात मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक. हल्लीचे फोन खरा क्रमांक न सांगता प्रत्येक वायफायला वेगळा बनावट सांगतात, कुणी माग काढू नये म्हणून. आयपी म्हणजे त्या नेटवर्कात तात्पुरती मिळालेली जागा, तो राउटर देतो. देण्याच्या या कामाचं नाव डीएचसीपी. १९२.१६८ने सुरू होणारा आयपी दिसला तर घरातल्या राउटरने दिलाय, सगळं रीतसर. १६९.२५४ दिसला तर समजा, आयपी मागितला पण कुणी दिलाच नाही, म्हणून उपकरणाने आपणच एक लावून घेतला.

एका दवाखान्यात याच्या उलटं झालं होतं. अर्ध्या संगणकांवर प्रिंटर दिसायचा, अर्ध्यांवर नाही, आणि कुठले अर्धे ते रोज बदलायचं. दोन तास गेले. शेवटी स्वागतकक्षातल्या ताई सहज म्हणाल्या, "भाच्याने घरचा जुना राउटर आणून लावलाय, रेंज वाढावी म्हणून." दोन राउटर, दोघंही आयपी वाटतायत, ज्याचा आधी पोचला तो लागू. जुन्यातला डीएचसीपी बंद केला आणि त्याला निव्वळ अ‍ॅक्सेस पॉइंट करून ठेवला. भाच्याची कल्पना चुकीची नव्हती, सेटिंगमध्ये डीएचसीपीपुढची एक खूण काढायची राहिली होती.

सुरक्षेत डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ येतं. कुठलं निवडू?

ही वायफायच्या कुलपांची नावं, जुन्यापासून नव्याकडे. निवडा डब्ल्यूपीए३, आणि जुनं उपकरण अडत असेल तर २ आणि ३ मिश्र. डब्ल्यूईपीचं कुलूप २००१ मध्येच फुटलं.

डब्ल्यूपीए२ (२००४) अजून चालतं, पण तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून घेऊन कुणी घरी बसून निवांत पासवर्ड ताडत बसू शकतो. आणि आपल्याकडे अर्धं गाव पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवतं. ६ ते ९ने सुरू होणारे दहा आकडी नंबर चारशे कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक ते काही तासांत संपवतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३मध्ये हे घरी बसून ताडणं बंद झालं. नंबरऐवजी चार असंबद्ध शब्द ठेवा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पिनने जोडायची सोय, बंद करा. आठ आकडी पिन म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक हे वेगळं सांगून टाकायचा, आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरूनच निघतो. उरतात ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्ये उघड झालं.

रिपीटर घेऊ की मेश?

रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे एअरटाइम दुप्पट जातो आणि वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो रेंज संपते तिथे लावतात. जिथे स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर लावा.

मेशमध्ये दोन-तीन डब्या एकच नाव घेऊन संगनमताने काम करतात. त्यांच्या आपसातल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. तो केबलचा असेल तर सोन्याहून पिवळं. कुठल्या डबीला चिकटायचं हे मात्र फोनच ठरवतो, राउटर फक्त सुचवतो. वरच्या मजल्यावर गेलात तरी फोन खालचीच डबी धरून बसला तर फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा.

मायमो, बीमफॉर्मिंग, ओएफडीएमए?

मायमो: अनेक अँटेनांनी एकाच वेळी निरनिराळे प्रवाह पाठवणं, '२×२' म्हणजे दोन्ही टोकांना दोन-दोन. बीमफॉर्मिंग: लहरी अशा जुळवणं की फोनच्या दिशेला त्या जोर धरतील. ओएफडीएमए: चॅनेलचे लहान तुकडे करून एकाच वेळी अनेकांना वाटणं. हे वायफाय ६पासून आलं.

स्टेशनवर वायफाय जोडलं तरी काही उघडत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलने मोफत वायफाय सुरू केलं, तेव्हापासून हा प्रश्न येतोय. अशा ठिकाणी आधी एक पान येतं, त्यावर नंबर आणि ओटीपी द्यायचा असतो. याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. पान आपोआप आलं नाही तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नावावर टिचकी मारा, व्हीपीएन असेल तर तेवढ्यापुरता बंद करा.

राउटरच्या अँटेना तुमच्याकडे वळवल्या की रेंज वाढते?

उलट कमी होते. उभ्या अँटेनातून सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो. अँटेना वड्याच्या भोकातून गेलेली काडी समजा. चारी बाजूंना भरपूर, काडीच्या टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच नाही. अँटेना ज्याच्यावर रोखाल त्याच्या वाट्याला भोक येतं. एकाच मजल्याचं घर असेल तर सगळ्या उभ्या ठेवा. वरखाली दोन मजले असतील तर एक आडवी करा, आणि डबी टीव्हीच्या मागून काढून छातीच्या उंचीवर आणा.